जोडीची चाल

शेवटचा उतार लागला आणि किमोसोपच्या उजव्या गुडघ्यात पुन्हा खिळा शिरला. चढावर काही होत नसे. दुखायचं ते उतरतानाच. अडतीस किलोमीटरपैकी आता एकच उरला होता, आणि उताराच्या तळाशी, तांबड्या रस्त्याच्या कडेला, चेबी मास्तर डोळे मिटून उभे होते.

मास्तरांनी तीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवलं होतं. आता ते धावणाऱ्यांना शिकवत. पाय बघण्यापेक्षा ऐकावेत, असं त्यांचं म्हणणं. धडधाकट पाय दोन्ही सारखे वाजतात. दुखरा पाय जमिनीवर भीत भीत टेकतो, म्हणून आवाज एकसारखा येत नाही. आजचं ऐकून ते परदेशातल्या मॅरेथॉनसाठी एकच नाव पाठवणार होते. किमोसोप किंवा तारुस. बाकी कुणाची वेळ त्यांच्या जवळपासही नव्हती.

किमोसोपला हे सगळं ठाऊक होतं. लांबच्या रस्त्यांवर, मास्तरांच्या कानांपासून दूर, तो लंगडत उतरायचा. मास्तर दिसले की चांगला पायही दुखऱ्यासारखाच हलका टाकायचा. सांगितलं असतं तर तीन आठवडे बसावं लागलं असतं आणि तिकीट गेलं असतं. म्हणून त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन महिने रोज खांद्याला खांदा लावून, पावलात पाऊल मिळवून धावणाऱ्या तारुसलाही नाही.

धावणाऱ्यांचा घोळका खाली आला. मास्तरांनी डोळे उघडले.

"तारुस, इकडे ये. उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?"

"माझा?" तारुस हसला. "नाही मास्तर, माझं काही दुखत नाही."

सगळे खो खो हसले. "याचं दुखत नाही, त्याचं दुखत नाही," मागून कुणीतरी म्हणालं, "मग आपल्या गावातल्या मालिशवाल्याने नवी मोटारसायकल घेतली कशी?"

"थोडा वर जा आणि पळत ये," मास्तर म्हणाले.

तारुस वर गेला आणि पळत खाली आला. उजवा पाय हलका, डावा जड. दहाव्या पावलाला ते त्याच्याच कानावर पडलं. तो थांबला आणि आपल्या पायांकडे असा बघत राहिला, जणू ते दुसऱ्याचे होते.

"मास्तर, शपथ. दुखत नाहीये. हे कसं होतंय मला कळत नाही."

मास्तर खाली बसले आणि त्यांनी त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अंगठा रोवला. तारुसच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. हलणार कशी? दुखतच नव्हतं. पण दुखत असतं तरी ती हलली नसती. त्यांच्या डोंगरात मुलगा पुरुष होतो त्या दिवशी त्याच्या तोंडाला चिखल फासून, तो वाळला की त्याला सुंतेच्या सुरीपुढे उभं करतात. वेदनेने चेहरा हलून त्या चिखलाला एक तडा गेला, तर जन्मभर लोक तो विसरत नाहीत. या घोळक्यात तडा गेलेला एकही जण नव्हता.

"सोसतोयस चांगलं," मास्तर मायेने म्हणाले. "पण बाळा, हाड मोडून बसशील. तीन आठवडे धावायचं नाही. पुढच्या वर्षी बघू."

तारुसने मान खाली घातली. त्याने खरं सांगितलं होतं.

किमोसोपला तिकीट मिळालं होतं. त्याला नुसतं गप्प उभं राहायचं होतं. तो श्वास मोजत राहिला. मग स्वतःलाच नवल वाटावं असा त्याचा आवाज फुटला.

"मास्तर, दुखणं माझं आहे. दोन महिने झाले. तो माझ्याबरोबर धावतो. माझं लंगडणं त्याला लागलंय."

तारुसने चमकून त्याच्याकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा हळूहळू उजळला.

"लंगडणं काय, खोकला आहे होय रे लागायला?"

"खरंच, मास्तर."

"बरं. पाय पुढे कर."

मास्तरांचा अंगठा नेमका जागेवर रुतला. किमोसोपच्या मांडीपासून घोट्यापर्यंत निखारा ओढत नेल्यासारखं झालं. त्याला ओरडायचं होतं. एक साधं 'आई गं' निघालं असतं तरी पुरे होतं. निदान भुवई हलली असती, ओठ वाकडा झाला असता. सगळी ताकद लावून तो आपल्याच चेहऱ्याला विनवत होता. चेहरा जागचा हलला नाही.

मास्तरांनी आणखी जोरात दाबलं, मग हात झटकून ते उठले.

"बघा रे पोरांनो," त्यांचे डोळे पाणावले होते. "मित्राची जागा जाऊ नये म्हणून हा आपली द्यायला निघाला होता. असं माणूस पाठवावं आपण बाहेर."

सराव संपला की वाजवतात तशी सगळ्यांनी एकदम एक टाळी वाजवली. तारुसने वाजवली नाही. तो किमोसोपच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता त्याच्या उजव्या बुटाच्या फाटक्या टोकाकडे, जिथून बाहेर आलेली दोन बोटं धुळीत नखांपर्यंत रुतून थरथरत होती.