पुलाखाली पाहुणे

“मावशी, स्वतःचं घर आहे का कुठं?” सिद्धोधननं सत्यशीलाला विचारलं, आणि तेवढ्यात पाथरीचे पाहुणे रस्ता ओलांडताना दिसले. सत्यशीलाच्या लेकीला, पिंकीला, बघायला ते आज परभणीत आले होते. सत्यशीला पुलाखालच्या चुलीपुढून लगबगीनं उठली.

सिद्धोधन महापालिकेचा माणूस. शहरातल्या बेघरांची नोंद करत सकाळपासून फिरत होता. पुलाखाली भिकारी राहतात, असं त्याला ऑफिसात सांगितलेलं. इथं भेटल्या मोंढ्याच्या बाजारात धान्य चाळणाऱ्या बाया, बांधकामावरची जोडपी, कॉलेजात जाणारी पिंकी. गाव विचारावं तर कुणी पालमचं, कुणी राणीसावरगावचं. सगळी जिल्ह्यातलीच माणसं.

सोयरीक जुळवणाऱ्यानं सत्यशीलाला शहाणपण शिकवून पाहिलं होतं. एका दिवसापुरती कुणाची तरी खोली घ्या, चार भांडी मांडा, कोण बघायलंय? तिनं त्याला चहा पाजला आणि पाहुण्यांना पुलापाशीच धाडा म्हणून वाटेला लावलं. नवरा गेल्यावर याच जागेवर तिनं लेकीला वाढवलं, शिकवलं. आता तिचा संसार खोट्यावर मांडायचा? पण स्थळ चांगलं होतं. मुलगा आयटीआय झालेला, निर्व्यसनी, पिंकीच्याही मनात भरलेला. हे हातचं जाऊ नये, असं सत्यशीलाला फार वाटत होतं.

पाहुणे जवळ आले. पुढं मुलाचे वडील, तात्याराव. सिद्धोधन भला माणूस. हातातला कागद मिटून हळूच म्हणाला, “मी नंतर येतो, मावशी. ह्यांच्यासमोर नको.”

“थांबा.” सत्यशीलाची मान ताठ होती. “आत्ताच लिवा. घर न्हाई आमाला. आमी मायलेकी इथंच राहातो. आन् कष्टाचं खातो.”

मागची माणसं एकमेकांकडं बघू लागली. पिंकीनं मात्र मान खाली घातली नाही. गेलं स्थळ, असं सत्यशीलाला वाटलं. तरी लेकीकडं बघून तिचा ऊर भरून आला.

तात्याराव चुलीपुढच्या सारवलेल्या जागेशी आले, कडेला थांबले आणि चपला काढल्या.

“इहीणबाई, पाय धुवायला पाणी द्या,” ते म्हणाले. मग सिद्धोधनकडं वळले.

“सायेब, तुमी बी चपला काढा. लोकाच्या घरात हावोत आपण.”