डोळे मिटा

मेंदूचे आलेख काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आज खाटेवर बेशुद्ध आई होती. सवयीने ती आईलाही “डोळे मिटा” म्हणाली आणि स्वतःशीच ओशाळली.

पापणी लवली की यंत्राची सुई कागदावर उसळते. आईच्या पापण्या चार दिवसांत हलल्या नव्हत्या, तरी सुई उसळत होती. तिने एकेक वायर पुन्हा तपासली. सगळं जागच्या जागी होतं.

मग तिच्या लक्षात आलं, सुई उसळते ती तिची स्वतःची पापणी लवते तेव्हाच.

“आई गं!” ती पुटपुटली आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले. सुईची करकर थांबली.

तिने डोळे उघडले, तर वर छत होतं आणि तिच्या डोक्याला वायरी लावलेल्या होत्या. यंत्रापाशी बसलेलं कुणीतरी तिच्याच आवाजात म्हणालं, “मिट, बाळा. आता मी बघते.”