मनगट नव्हे, हात

“नवरदेव, आता तो गॉगल काढा,” सहदेव कॅमेऱ्यामागून म्हणाला. “नाहीतर लोक म्हणतील, पोरीनं डोळे न बघताच होकार दिला.”

“ऊन लागतंय,” विद्याधर म्हणाला.

ऊन कुठलं? बोरीवलीच्या नॅशनल पार्कात, तळ्याकाठच्या जांभळाखाली सहदेवनं त्याला नि क्षमाला उभं केलं होतं, ते सावली बघूनच. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. दुसरा नियम, गिऱ्हाइकाच्या संसारात नाक खुपसायचं नाही. फोटोग्राफरला डोळे असावेत, तोंड नसावं, असं तो बायकोला नेहमी सांगे.

स्टेशनजवळ त्यानं स्टुडिओ टाकला तो अलीकडे. त्याआधी बरीच वर्षं तो गळ्यात कॅमेरा अडकवून याच पार्कात फिरे. साखरपुडा झालेली, नुकतंच लग्न झालेली, माथेरान परवडत नाही म्हणून इथंच हनीमून उरकणारी, अशी सगळी जोडपी त्यानं या जांभळाखाली उभी केली होती.

या दोघांचा साखरपुडा नुकताच झाला होता. लग्नाआधी झाडापाण्यात फोटो काढायची हौस क्षमाची. विद्याधर पार कंटाळलेला दिसत होता.

“हिला कुणाचेच फोटो पसंत पडत नाहीत,” तो म्हणाला. “आरे कॉलनीत काढून झाले, पवईला झाले, मुलुंडच्या डोंगरावर झाले. दर रविवारी नवा फोटोग्राफर. आता म्हणे बोरीवली. मी म्हटलं, तिथं काय ठेवलंय, माकडं?”

“मग माकडांसोबत काढू ना,” क्षमा म्हणाली. बँकेत नोकरी करणारी, सावळी, हजरजबाबी मुलगी. सहदेवला ती आवडली. “काका, एवढी जोडपी येतात, तुमच्या लक्षात राहतात?”

“तोंडं नाही राहत. उभं राहणं राहतं. आणि आमचं तोंड तर कुणीच बघत नाही, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. चला, तिचा हात धरा बघू.”

विद्याधरनं तिचं मनगट धरलं.

“मनगट नव्हे हो, हात. चोर पकडलाय का?”

बोलून गेला आणि सहदेव थबकला. हेच वाक्य त्यानं याच जागी, याच माणसाला पूर्वी ऐकवलं होतं. तेवढ्यात क्षमानं “थांबा हं” म्हणत विद्याधरचा गॉगल अलगद काढून घेतला, आणि शंकेला जागा उरली नाही.

दोन-तीन वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस होते. शेजारी हिरवा चुडा भरलेली एक मुलगी, गळ्यातलं नवं मंगळसूत्र सारखं चाचपत होती. देवळात लग्न लावून दोघं थेट इथं आली होती, आणि इथून परस्पर हनीमूनला निघाली होती. मुलगी भारी खुशीत होती. तिचंही मनगट असंच धरलेलं. फोटो न्यायला मात्र पुढे दोघांपैकी कुणीच आलं नाही.

सहदेवनं बटण दाबलं.

त्यानं मनाची समजूत घातली. बायको गेली असेल बिचाऱ्याची. माणसं दुसरं लग्न करतात, त्यात गुन्हा कसला? क्षमालाही ठाऊक असेल.

“साहेब, पूर्वी कधी आला होतात का इथं?” त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“छे, पहिल्यांदाच,” विद्याधर म्हणाला.

हा सरळ खोटं बोलत होता. त्याची स्वतःची थोरली, जया, लग्नाची झाली होती. तिच्या बाबतीत असं काही कुणाला ठाऊक असतं, आणि तो माणूस धंद्याचे नियम सांभाळत गप्प बसला असता, तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

“विद्या, घसा सुकलाय रे,” क्षमा म्हणाली. “गेटवरून लिंबू सरबत आण ना.”

विद्याधर कुरकुरत गेला. तो वळणाआड होईपर्यंत सहदेव लेन्स पुसत राहिला. लेन्सवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

“पोरी, राग मानू नकोस,” तो शेवटी म्हणाला. “तुझ्याएवढी लेक आहे मला, म्हणून बोलतो. हे लग्न करू नकोस. या माणसाचं एक लग्न झालंय. त्यांचे फोटो मी काढलेत, इथंच.”

ती रडेल, नाहीतर आपल्यावरच उखडेल, असं त्याला वाटलं होतं. ती शेजारच्या दगडावर बसली.

“नक्की हाच?” तिनं विचारलं.

“नक्की.”

“ती कशी होती दिसायला?”

“गोरी, लहानखुरी. हनुवटीवर तीळ. शुभा, शुभा म्हणून हाक मारत होता तिला.”

“निगेटिव्ह आहेत?”

“आहेत. मी कुणाचीच टाकत नाही.”

“आणि हे चारचौघांत सांगाल? त्याच्यासमोर?”

बिचारीला घरच्यांची खात्री पटवायची असणार, सहदेवला वाटलं. त्याला तिची कणव आली. “सांगेन की,” तो म्हणाला. “भरल्या मांडवात कळण्यापेक्षा आत्ता कळलं ते बरं झालं. नुसता साखरपुडाच आहे, मोडता येतो. तू जीव नको लावून घेऊस.”

वळणावर विद्याधर दोन ग्लास सांभाळत येताना दिसला. क्षमा उठली. पदरानं डोळे टिपून तिनं त्याच्याकडे बघत हसून हात हलवला.

“निगेटिव्ह आजच्या आज स्टुडिओतून घरी न्या, काका,” हात हलवता हलवताच ती हळू आवाजात म्हणाली. “शुभा माझी मावसबहीण. झाडापाण्यात फोटो काढले, एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं. त्या हनीमूनहून ती परत आलीच नाही, आणि हा पोलिसांना सांगतो, अशा मुलीला मी कधी पाहिलंच नाही.”