घाटातले सात टाके

तांबेवाडीच्या घाटात पहिला खड्डा दिसला आणि ट्रक चालवणारे भानुदास कुदळे तीस वर्षांच्या सवयीने मागच्या ट्रेलरला जोडलेल्या माइकवर ओरडले, "धरा, धरा!"

शेजारी बसलेल्या परवीनने कपाळावर हात मारला. "काका, निघताना काय ठरलं होतं आपलं?"

ट्रकला जोडलेल्या ट्रेलरमध्ये डॉक्टर नेर्लेकर एका बाईचं उसाच्या चरकात सापडून तुटलेलं बोट जोडत होत्या. केसाहून बारीक दोऱ्याने रक्तवाहिनीला टाके घालणं चाललं होतं. शहर गाठेपर्यंत बोट जगलं नसतं, म्हणून ऑपरेशन वाटेतच सुरू केलं होतं. ट्रेलरचे पाटे, म्हणजे धक्का झेलणाऱ्या चाकावरच्या स्प्रिंगा, परवीनच्या गॅरेजात घडलेले. ट्रकच्या चाकाला लागलेला खड्डा ते ओळखायचे आणि ट्रेलरचं चाक तिथे पोचताच बरोबर तेवढेच खाली-वर व्हायचे. दोन वर्षं तिने ते काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवून तपासले होते. आत माणूस असण्याची आजची पहिलीच वेळ.

ट्रक दणकन आदळला. केबिनला जुनेच पाटे होते, त्यामुळे दोघं सीटवरून उडाले.

स्पीकर खरखरला. "ड्रायव्हरकाका, चार टाके झालेत, तीन राहिलेत. ओरडू नका. तुमच्या आवाजाने माझा हात हलतो."

"आणि खड्ड्याने?" परवीनने भीतभीत विचारलं.

"कुठला खड्डा?"

परवीन ताठ बसली. कुदळेंनी गळ्यातला पंचा काढून स्वतःच्या तोंडाला घट्ट बांधला आणि गाडी तशीच घाटाखाली उतरवली.