वर्षभराचे टाके

घड्याळजींनी पिशवीतले कापडाचे तुकडे टेबलावर मांडले आणि शिवणवर्गातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात जोडलेले तुकडे पुन्हा सुटे झाले होते.

"काका, या वेगानं तुमची गोधडी पुढच्या जन्मी होईल बरं का," नर्स म्हणाली.

सगळ्या हसल्या. घड्याळजीही हसले. शिकवणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत.

वर्षातला शेवटचा वर्ग होता. या दिवशी प्रत्येकानं वर्षभराचं काम मांडायचं आणि पुढच्या वर्षी काय करणार ते सांगायचं, हा बाईंचाच नियम. बाईंचा नवरा होता तेव्हा चहा तो करायचा आणि एकेकीच्या कामाला खोटे खोटे भाव लावत टेबलाभोवती फिरायचा. यंदा नर्सनं थर्मासमधून चहा आणला होता. तो कोमट होता, पण कुणी तसं म्हटलं नाही.

मांडण्यासारखं फारसं नव्हतंच. नर्सची गोधडी पुरी झाली होती. बेकरीवालीनं उशांचे अभ्रे केले होते. काही जणींनी मधूनच येणं सोडलं होतं. खोलीच्या मागच्या भिंतीला ओल धरली होती, आणि कपाटातल्या अस्तराच्या कापडालाही तिचा वास लागला होता. बाईंनी स्वतः वर्षभरात काहीच शिवलं नव्हतं. नवरा गेल्यापासून सुई हातात घ्यायची ती शिकवण्यापुरती.

"पुढच्या वर्षी मी मोठी गोधडी करणार," नर्सनं सांगून टाकलं. "दोघांची."

"आधी दुसरा माणूस तर आण," बेकरीवाली म्हणाली.

पुन्हा हशा झाला. तो ओसरल्यावर नर्सनं विचारलं, "आणि बाई, तुमचं काय?"

"मी वर्ग बंद करतेय," बाई म्हणाल्या. "मुलगा केव्हाचा बोलावतोय. खोलीही मालकाला परत द्यायचीय."

बेकरीवालीनं डोळे पुसले. अधूनमधून फोन करत जा, असं नर्सनं दोन-तीनदा बजावलं. मग एकेक जण आपापलं सामान आवरून निघाली.

घड्याळजी बसूनच राहिले. एरवी ते सगळ्यांच्या आधी उठायचे. कुणी चहाला थांबवलं तर "नको, घरी जायला हवं," म्हणून चपला शोधायला लागायचे. एकट्या माणसाला असं काहीतरी सांगावंच लागतं, असं बाईंना वाटायचं. त्याही मुलाला फोनवर सांगत, "खूप कामं पडलीत रे."

ते पहिल्यांदा आले तो दिवस बाईंना आठवत होता. उतारवयाचा नीटनेटका माणूस, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. काखोटीला अर्धवट गोधडी. "बायकोची आहे," ते म्हणाले होते. "आता तिच्या हातून व्हायची नाही. मला शिकवाल?" बाईंनी पुढे काही विचारलं नव्हतं. नवऱ्याला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, आणि असल्या प्रश्नांनी काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

घड्याळजींचा हात सुरुवातीपासून चांगला होता. धावदोरा तर त्यांनी पहिल्याच तासाला उचलला. तरी त्यांना टाके सैल हवे असायचे, आणि दोरा भडक रंगाचा. डोळे साथ देत नसतील म्हणून बाईंनी तोही हट्ट पुरवला. पण वर्गात जोडलेलं दर आठवड्याला सुटं होऊन परत यायचं. दोरा कुठे तुटलेला नसायचा, कापडाला इजा नसायची. कुणीतरी शांतपणे, एकेक टाका सोडवत बसलेलं असायचं.

का, ते बाईंना लवकरच कळून चुकलं होतं. गोधडी पुरी झाली की वर्गाला यायचं निमित्तही संपणार.

"बंदच करणार?" घड्याळजींनी विचारलं.

"हो."

"मग मी कुठे जाऊ, बाई? दुसरं कुणी शिकवतं का इथं?"

"तुम्हाला आता शिकायचं काय राहिलंय? हात माझ्यापेक्षा चांगला बसलाय तुमचा."

"पण मला घरी जमत नाही. तिथं बसून शिवणं होत नाही माझ्यानं. हे इथंच होतं." ते सुटे तुकडे एकावर एक रचू लागले. रचलेले पुन्हा विस्कटले.

बाई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. वर्षभर त्यांनी हा विषय टाळला होता. आता त्यांच्या मनात आलं की मुलाकडे जायचं थोडं लांबलं तर काय बिघडणार आहे? खोली गेली तर गेली. घरातलं जेवणाचं टेबल मोठं होतं, आणि त्यावर हल्ली एकच ताट असायचं.

"माझ्या घरी या," त्या म्हणाल्या. "इतक्यात नाही जात मी कुठे. पण एक सांगू? राग नाही ना येणार?"

"सांगा ना."

"गोधडी पुरी होऊ द्या. पुरी झाली तरी येत जा तुम्ही, त्यासाठी निमित्त कशाला हवं? रिकामं घर कसं खायला उठतं, ते मला कळतं हो. पण घरी जाऊन सगळं उसवत नका जाऊ."

घड्याळजींनी विस्कटलेले तुकडे पिशवीत भरले.

"मी नाही उसवत, बाई," ते म्हणाले. "आमची ही उसवत बसते घरी. तेवढा वेळ तरी मला 'तुम्ही कोण' म्हणून विचारत नाही."