राहिलेला शॉट

"शेवटचा शॉट काढून टाका," सोमनाथ सर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले.

पडेगावातल्या प्रेरणाच्या एडिटिंगच्या खोलीत चौघं दाटीवाटीनं बसले होते. कॉम्प्युटरपुढे प्रेरणा, शेजारी सर, मागे खाटेवर साळूबाई आणि त्यांचे मालक सांडूभाऊ. लघुपट त्यांच्या शिवमचा होता. लिहिला त्यानंच, त्यातल्या मुलाचं कामही केलं त्यानंच, आणि आईच्या कामाला थेट आईलाच उभं केलं होतं. "फुकटात मिळते ना," असं म्हणून चिडवायचा. गेल्या उन्हाळ्यात कंपनीतून चितेगावला घरी येताना पैठण रोडवर ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं. प्रेरणा त्याची कॉलेजातली मैत्रीण. सिनेमा जुळवायचं काम तिच्यावर येऊन पडलं.

सर लघुपट महोत्सवाच्या निवड समितीवर होते. शिवमचा एकुलता एक सिनेमा मोठ्या पडद्यावर लागणार की प्रेरणाच्या कॉम्प्युटरात पडून राहणार, हे त्यांच्या हातात होतं. साळूबाईंना एवढंच हवं होतं, पोराचा सिनेमा चार लोकांनी बघावा, आणि पोरानं केला तसाच बघावा.

शिवमनं गोष्ट उलटी सांगितली होती. आधी मुलाच्या मरणाची बातमी येते, आई रडते. मग तो घर सोडून निघतो तो दिवस. आणि सगळ्यात शेवटी त्याच्याही आधीची दिवाळी. मुलगा निळी टोपी घालून दारात येतो, आई भाकरतुकडा ओवाळते आणि हसते. तिथं सिनेमा संपतो.

"गोंधळ होतो," सर म्हणाले. "मेलेला मुलगा पुन्हा दारात कसा? सरळ क्रमानं लावा. आला, गेला, वारला, आई रडली. रडण्यावर संपवा."

सांडूभाऊंनीही गोष्ट पहिल्यांदा ऐकून हेच विचारलं होतं. "मेलेलं माणूस माघारी कसं यील रे?" तेव्हा शिवम हसला होता. "आबा, सिनेमात घड्याळ आपल्या हातात असतं."

प्रेरणानं दोन्ही शॉट पुन्हा लावले. पहिल्यात साळूबाई चुलीपाशी बसलेल्या. डोळे भरून येतात, थेंब गालावर ओघळतो, त्या पदर तोंडाला लावतात आणि खांदे हलायला लागतात. सांडूभाऊ एकटक बघत होते. हसण्याचा शॉट आला तसे ते "पाणी पिऊन येतो" म्हणत उठले. मघाशीही तिथंच उठले होते.

"सगळं शूटिंग शिवम असतानाचं?" सरांनी विचारलं.

प्रेरणानं मागे वळून साळूबाईंकडे बघितलं. "एक शॉट राहिला होता सर. तो दहावा झाल्यावर घेतला. मावशींनीच बोलावून घेतलं मला."

"कुठला?"

साळूबाईंनी मागून तिचा खांदा दाबला. शिवमचा एक नियम होता. सिनेमाचं शूटिंग गोष्टीच्या क्रमानं कधीच होत नाही. शेवट आधी घेतात, सुरुवात नंतर. पण कुठला शॉट कधी घेतला हे बघणाऱ्याला कळता कामा नये. कळलं, की शॉट वाया गेला.

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज खाली आला होता. "नका सांगू. रडणं बघूनच कळतंय. असं रडणं कुणी शिकवून येत नाही. म्हणून म्हणतो, त्यावर संपवा."

"आणि हसण्याचा शॉट?" प्रेरणानं विचारलं.

"त्यात विशेष काय? मुलगा समोर आला की कुठलीही आई हसते. त्या शॉटमध्ये मुलगा दिसतसुद्धा नाही, एकट्या ताईच आहेत. आणि तुकडा ओवाळताना हात बघा किती वर जातोय. मुलगा एवढा उंच होता का?"

"नाय," साळूबाई म्हणाल्या. "यांच्याएवढाच व्हता."

"मग चुकलेलाच शॉट आहे तो. तेवढा काढा, सिनेमा मी घेतो. शब्द देतो."

सांडूभाऊ दारात येऊन उभे होते. "काढा म्हणत्यात तर काढू दे की," ते हळूच म्हणाले. "लोकांनी पोराला बघितलं म्हंजी झालं."

साळूबाईंना दारापर्यंत आलेल्या लेकराला माघारी धाडल्यासारखं वाटलं. बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक त्यांनी सोडलं.

"सर, पोराचा नियम मोडते आज," त्या म्हणाल्या. "रडायचा शॉट शिवानंच घेतला. मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं अन् घातलं माझ्या डोळ्यात. खांदे हालत्यात ना माझे, ते हसू आवरंना म्हणून. कॅमेऱ्यामागून वाकुल्या दावीत व्हता मेला."

सरांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. पडद्यावर ठेवणीतली साडी नेसलेल्या साळूबाई हातात भाकरतुकडा घेऊन दाराकडे बघत होत्या, तोंडभर हसत.

"दहाव्यानंतर घेतला त्यो ह्यो," साळूबाई म्हणाल्या. "दारात हे उभे व्हते, काठीवर शिवाची टोपी धरून. हात लई कापत व्हते यांचे. काठी जरा वरच धरली गेली."