डावा कोपरा

“धर की त्याला. हाताला मेंदी लावलीय व्हय रं?”

टीव्हीवरच्या कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या पोराला काही ऐकू गेलं नाही. रोहतकचा सतबीर त्याच्या बगलेखालून निसटला आणि तीन गडी मारून मधली रेघ शिवला. गोजराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. सूसमधल्या तिच्या घरात वरच्या दोन मजल्यांवर हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहायची. कबड्डीचा सामना असला की ती पोरं खाली येऊन बसायची. सामना बघायला कमी, तिची बोलणी ऐकायला जास्त.

“आजी, यंदा आपले मुळा मावळे कितवे येणार?” एकानं विचारलं.

“खालून मोज, लवकर सापडंल.” गोजराबाईची नजर पडद्यावरून हलली नाही. “चढाईचा गडी जावयासारखा जातोय, मानपान मिळंल म्हणून हुबा राहतोय. मधले दोघं हातात हात घालून जत्रंला निघालेत. सहा हरलेत, अजून तीन हायेत, तेबी हरत्याल. का, तर कोच आंधळा हाय.”

कोच आंधळा होता, कारण तिचा नातू निरंजन बाकावर बसला होता. डावा कोपरा खरा त्याचा. घोटा एकदा त्याच्या मुठीत आला की समोरच्यानं घरची आठवण काढावी, अशी त्याची पकड मुळशीत नावाजलेली. तरी गेले चार सामने तो बाकावरच. उरलेल्या तिन्हींत उतरला नाही, तर पुढच्या वर्षी संघ त्याला ठेवणार नव्हता. हे त्यानंच फोनवर सांगितलं होतं. पण का बसवलं, असं विचारलं की गप्प व्हायचा.

पोरगं झुरतंय, असं गोजराबाईनं ठरवलं. झुरणीवर तिच्याकडं औषध एकच होतं. चहूबाजूंनी टॉवर उठले तरी तिनं दारात एक म्हैस राखली होती. तिचं तूप, वर खारीक, खोबरं, डिंक. दर रविवारी लाडवांचा डबा भरायचा आणि निरंजनच्या बहिणीनं, आरोहीनं, तो स्कूटीवरून संघाच्या हॉटेलात पोचवायचा. शिवाय रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. त्यात निरंजननं आजीच्या डोळ्यांदेखत लाडू खायचा. एक संपला की दुसरा. शेवटचा घास उतरेपर्यंत ती फोन ठेवायची नाही. तो बाकावर बसायला लागल्यापासून तर तिनं लाडू मोठे वळायला घेतले होते.

त्या रविवारी डबा भरून झाला, पण आरोही त्याला हात लावीना.

“मी नाही नेणार, आजी.”

“का गं? स्कूटीला जड झाला?”

“स्कूटीला नाही. दादाला.” आरोही तिथंच उंबऱ्यावर बसली. “त्यानं शपथ घातलीय, पण आज सांगतेच. सामन्याच्या दिवशी सकाळी सगळ्यांना काट्यावर उभं करतात. पंच्याऐंशी किलोच्या वर गेला की खेळता येत नाही. दादा अठ्ठ्याऐंशी भरला. कोचनं नाही बसवलं त्याला. काट्यानं बसवलं.”

गोजराबाईनं आधी डब्याकडं बघितलं, मग नातीकडं.

“मग त्यानं नको म्हणायचं हुतं. तोंड शिवलं हुतं का त्याचं?”

“तोंडात लाडू होता. आणि तुला नको कोण म्हणणार? या घरात आजवर कुणी म्हटलंय?”

गोजराबाईनं आठवून बघितलं. नवरा, दोन मुलगे, सुना, भाडेकरू. शेणाचा वास येतो म्हणून म्हशीविरुद्ध अर्ज करणारा शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा दोन तांबे ताक पिऊन गेला होता. एक माणूस सापडेना.

तिनं फोन लावायला सांगितला. निरंजन सवयीनं लाडू हातात घेऊनच पडद्यावर आला.

“ठेव त्यो,” ती म्हणाली.

त्यानं तो इतक्या पटकन खाली ठेवला की तिला बघवलं नाही.

“शनिवारपातूर मुगाचं कढण पी. आन् पळ. लई पळ.” एवढं बोलून तिनं फोन आरोहीच्या हातात दिला आणि पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

चार सामने तिनं त्या कोचचा उद्धार केला होता. आता दुसरं कुणीतरी धरायला हवं होतं.

“हा काटा समद्यांनाच हाय?” तिनं विचारलं.

“सगळ्यांनाच.”

“त्या रोहतकवाल्या सतबीरलाबी?”

“त्यालाही. तो तर कायम चौऱ्याऐंशीवरच असतो. शनिवारी परत त्यांच्याशीच गाठ आहे. सगळे इथंच उतरलेत, हिंजवडीला.”

गोजराबाई उठली. तिनं डबा उघडला, वर आणखी दोन लाडू चढवले, कडेकडेनं वाटीभर पातळ तूप सोडलं आणि झाकण दाबून बसवलं.

“जा, त्याला दिऊन ये. म्हणावं, निरंजनच्या आजीनं पाठवलंय. आन् बजावून सांग, आमच्यात आजीला कुणी नको म्हणत न्हाई.”